टोकाची थरथर

पवना धरणाच्या काठावर मी १२ फुटी कार्बनची काठी घेऊन बसतो. फायबरग्लासची काठी बारीक थरथर गिळून टाकते. कार्बनची हलकी आणि ताठ, ती हातापर्यंत पोचवते. लांबीमुळे दोरा टोकाखाली सरळ उतरतो, झोळ पडत नाही. दुकानात मित्राला टोकावर नखाने टिचकी मारायला सांगून, डोळे मिटून मी ती निवडली होती.

शेजारचे काका बांबूची काठी आणि मोरपिसाच्या देठाचा तरंगा वापरतात. तरंगा बुडाला की ओढतात. मला त्याआधीच कळतं. मासा कणकेच्या गोळीला तोंड लावतो, सोडतो, परत येतो. त्याला शंका आलेली असते, आणि नेमका तेव्हाच मी झटका देतो.

महसीर लागला तर सोडतो. वळवणला टाटांनी १९७०च्या दशकापासून त्यांची पिल्लं वाढवली आहेत. (सोडल्यावर मला बरं वाटतं. माशाला काय वाटतं, ते काठी सांगत नाही.)

ऑफिसात मी हेच लिहितो : ‘रद्द करा’पाशी बोट घुटमळलं की सवलत दाखव. आम्ही याला ग्राहकाला समजून घेणं म्हणतो. ते खोटंही नाही. पण दुसऱ्याची शंका इतकी स्पष्ट ऐकू येत असताना ती मोडून काढायची, याला समजून घेणं म्हणावं का?

परवा टोक दोनदा थरथरलं. मी हात हलवला नाही. तिसऱ्यांदा काही आलं नाही. सोमवारी तो कोड मात्र मी काढला नाही.