अपमानाची किंमत किती?



धम्मदीक्षा घेऊन थोडाच काळ झालेल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. रेशनच्या रांगेत, ग्रामसभेत, पंगतीत किंवा हल्ली मोबाईलवरच्या गटात कोणीतरी जुन्या जातीचे नाव घेऊन पाणउतारा करतो. मग घरात दोन मते पडतात. म्हातारी माणसे म्हणतात, "आपण आता बुद्धाची लेकरे, मुकाट्याने सोसावे." तरुण म्हणतो, "कोर्टात खेचू आणि लाखाचा दावा ठोकू." यांपैकी धम्माचा मार्ग कोणता?

राजगृहाच्या वेळुवनात अक्कोसक भारद्वाज नावाचा ब्राह्मण तथागतांना शिव्या देत आला. त्याच्या रागाचे कारण ध्यानात घ्या. त्याच्या गोत्रातल्या एकाने बुद्धाला शरण जाऊन प्रव्रज्या घेतली होती. म्हणजे धर्मांतर झाले म्हणून शिव्या, ही गोष्ट आजची नव्हे. तथागतांनी त्याला विचारले, तुझ्या घरी पाहुणे आले आणि तू वाढलेले अन्न त्यांनी घेतले नाही, तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तथागत म्हणाले, मग तुझ्या शिव्याही मी घेत नाही, त्या तुझ्याजवळच राहिल्या.

परंतु बांधवांनो, शिवी न स्वीकारणे म्हणजे तोंड बंद ठेवणे नव्हे. ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी भिक्खूंना सांगितले आहे की, कोणी बुद्धाची, धम्माची, संघाची निंदा केली तर चिडू नका. परंतु जे खोटे आहे ते कोणत्या कारणाने खोटे आहे, हे उलगडून दाखवा. राग नको, पण खुलासा हवा. कोर्टाची पायरी याच बुद्धीने चढावी.

आपल्या नालवाडीचेच पाहा. १९३० नंतरच्या दशकात विनोबा भावे येथे राहिले, येथे चर्मालय चालले. शेजारच्या सेगावला १९३६ साली गांधीजी येऊन राहिले. त्या काळी या परिसरात आपल्या लोकांसाठी एक गोड शब्द रूढ झाला, हरिजन. देणाऱ्यांना त्यात दया वाटली, बाबासाहेबांना त्यात अपमान दिसला. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्याचे ठरले, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. त्यांनी भरपाई मागितली नाही. हे नाव आम्ही घेत नाही, एवढेच जगाला बजावले.

आता कायद्याकडे वळू. अपमान दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार, तुमच्या एकट्याच्या नावाला लावलेला खोटा बट्टा. कोणी तुम्हाला चोर म्हटले, लाचखाऊ म्हटले. यासाठी अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा आहे आणि त्यात पैसे मागता येतात. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र १० सप्टेंबर २००८ रोजी 'टाइम्स नाऊ' वाहिनीने एका घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायाधीशाच्या नावापुढे काही सेकंद दाखवले. त्यांनी पुण्यात दावा लावला आणि २०११ साली न्यायालयाने शंभर कोटी रुपयांचा हुकूम दिला. अपील चालवायचे तर वीस कोटी भरा आणि ऐंशी कोटींची बँकहमी द्या, असे उच्च न्यायालयाने वाहिनीला सांगितले.

शंभर कोटी ऐकून डोळे दिपतात. परंतु दावा लावणारा कोण होता, हेही पाहा. मजुराला असा दावा झेपत नाही. मागितलेल्या रकमेबरोबर कोर्ट फी वाढते, तारखांमागे वर्षे जातात आणि एका वर्षाच्या आत दावा लावला नाही तर मुदत संपते. शिवाय हे हत्यार दुधारी आहे. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि केशवराव बागडे यांच्यावर पुण्यात अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला. १९२६ साली त्यांची बाजू मांडून त्यांना सोडवले ते बॅरिस्टर आंबेडकरांनी. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या बहुजनांचे तोंड बंद करण्यासाठीही हाच कायदा वापरला जातो, हे विसरू नका.

दुसरा प्रकार, जातीवरून केलेला अपमान. येथे बट्टा एकट्याला लागत नाही, माणूसपणच नाकारले जाते. म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरवला आहे. खटला सरकार चालवते, तुम्हाला कोर्ट फी नाही. "आम्ही बौद्ध झालो, मग हा कायदा आम्हाला लागतो का?" असे अनेकजण विचारतात. लागतो. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. फक्त जातीचे प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. अपमान लोकांच्या देखत झालेला असावा लागतो, म्हणून कोणी ऐकले त्यांची नावे लगेच लिहून ठेवा. वकील परवडत नसेल तर वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या माणसाला तेथे उत्पन्नाची अट नाही.

या गुन्ह्यात पीडिताला सरकार अर्थसहाय्यही देते. २०१६ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे ते एक लाख रुपये आहे. चौथा हिस्सा गुन्हा नोंदल्यावर, अर्धे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. ते घेण्यात लाज कसली? ही तुमच्या अब्रूची किंमत नव्हे. तुमचे रक्षण करण्यात शासन कमी पडले, त्याची ती भरपाई आहे. मुलीच्या शिक्षणाला लावा.

परंतु एक पैसा कधीही घेऊ नका. तक्रार केली की संध्याकाळी कोणीतरी मध्यस्थ दारात येतो. "गावात राहायचे आहे, पाच-दहा हजार घ्या आणि आपसात मिटवा." तो पैसा हातात पडला की शिवीचा भाव ठरतो. उद्या ज्याच्या खिशात दहा हजार आहेत तो पुन्हा शिवी देईल, आणि तुमच्याऐवजी तुमच्या शेजाऱ्याला देईल. चवदार तळ्याचा दिवाणी दावा १९२७ च्या डिसेंबरात लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आला. बाबासाहेब जवळजवळ दहा वर्षे झगडले, कारण तो हक्क त्यांच्या एकट्याचा नव्हता. सर्वांच्या मालकीची वस्तू एकट्याने विकायची नसते.

मात्र चौथे शील विसरू नका. जे शब्द उच्चारले गेले तेवढेच तक्रारीत लिहा. बांधाच्या भांडणाला जातीचा रंग देऊ नका. एक खोटी तक्रार दहा खऱ्या तक्रारींवरचा विश्वास घालवते. आणि समोरच्याने चारचौघांत, जेथे शिवी दिली तेथेच उभे राहून चूक कबूल केली, तर मनातला राग सोडा. खटल्याचे काय ते कायदा पाहील.

तो अक्कोसक भारद्वाज पुढे संघात आला आणि अर्हत झाला. आज शिवी देणाऱ्याच्या मुलालाही उद्या त्रिशरण घ्यावेसे वाटेल, असे आपले वागणे असू द्या. अपमान घेऊ नका, विकू नका, आणि नोंदवल्याशिवाय सोडू नका.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!