घागरीतलं पाणी आणि शेतातलं पाणी

पाण्याच्या बाबतीत आपल्याइतके काटेकोर लोक दुसरे कोणी नाहीत, असं आपण मनातल्या मनात मानतोच. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, फडक्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचं पाणी असेल तिथेच अलगद सोडायचे. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं चालतं. उकळलेलं २४ तास. पिठालासुद्धा मर्यादा आहे : थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. हे सगळं सासूबाई करत होत्या, मी करते, आणि ते मोडावं असं मला मुळीच वाटत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच. ज्या दाण्याचं पीठ आपण दिवस मोजून वापरतो, तो दाणा किती पाणी पिऊन आपल्या घरी आला, हे आपण कधी मोजलंय का?

आपल्या शास्त्रात पाण्यात जीव आहेत एवढंच नाही सांगितलेलं, पाणी हाच जीव आहे, अप्काय. मग हिशोब घागरीपाशी का थांबावा? एक हेक्टर उसाला दीड ते अडीच कोटी लिटर पाणी लागतं. ज्वारी त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात होते, बाजरी त्याहूनही कमी पाण्यात. उसाला वर्षभर रान अडकून राहतं, ज्वारी चार महिन्यांत मोकळी होते, हे खरं. तरी फरक उरतो तो उरतोच. घागरीतला थेंब वाचवणारे आपण, आणि चहाच्या कपात दोन चमचे साखर टाकताना आपला हात कधी थबकत नाही.

इथे इंदरगंजात, दाल बाजाराच्या शेजारी राहून, जैन म्हणजे पेढीवरचा माणूस हे चित्र डोक्यात पक्कं बसतं. शेती हिंसेची, आपण तिच्यापासून लांब, असंही इकडे ऐकू येतं. (लांब राहून खातो मात्र तेच धान्य!) पण सांगली-कोल्हापूरकडचे आपले लोक पिढ्यान्पिढ्या नांगर धरणारे आहेत, आणि आज त्यांच्यातल्या पुष्कळांच्या रानात ऊस उभा आहे. शिरोळ तालुक्यात तर पाणी देऊन देऊन हजारो एकर जमीन क्षारपड झाली. आणि त्याच सांगली जिल्ह्यात पूर्वेकडे जत, आटपाडी वर्षानुवर्षं टँकरची वाट बघत आली.

थोरल्या वन्सं कृष्णाकाठी दिल्यात. मागे गेले होते तेव्हा भाऊजींना मी हे सरळच विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, ऊस कारखाना नेतो, भाव आधी ठरलेला असतो. ज्वारीला पाखरं राखायची, हातानं उपटून काढायची, त्याला माणसं मिळत नाहीत. आणि बाजारात नेली की व्यापारी म्हणेल तो भाव. पोरांची फी ज्वारीवर भरून दाखवा, उद्या लावतो." याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अहिंसेचं सगळं ओझं शेतकऱ्यानं उचलावं आणि आपण फक्त पीठ चाळावं, हा कुठला न्याय?

ज्वारी मोठी समजूतदार आहे. पाणी तुटलं की पानं गुंडाळून घेते, अंगावरच्या मेणचट थरानं ओल धरते, वाढ थांबवून चक्क वाट बघते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. मोहोळच्या संशोधन केंद्रातली मालदांडी ३५-१ तर पाऊस संपल्यावर, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकते. इकडे भिंड-मुरैन्याचा बाजराही तसाच चिवट. हवामान बदलतंय तसे असे वाण लागतीलच. आपल्या ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. ज्या वर्षी तिघरा भरत नाही, त्या वर्षी नळाला एक दिवसाआड पाणी. आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये याच भागात असा पूर आला की पूल वाहून गेले. कधी टाक कोरडा, कधी बुडवणारा, असं आभाळ झालंय.

पण माझी शंका इथेच आहे. कमी पाण्याचं पीक लावलं, पाणी वाचलं. ते वाचलेलं पाणी जातं कुठे? शेजारच्या बांधावर ज्याच्याजवळ मोठी मोटर आहे त्याच्या उसाला. म्हणजे सोसायचं ज्वारीवाल्यानं आणि प्यायचं ऊसवाल्यानं. रोप बदललं, माणूस नाही बदलला.

याचं उत्तर मला पुरंदर तालुक्यातल्या नायगावात सापडतं. १९७२च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची माळजमीन कराराने घेतली, पाणी अडवलं, आणि पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम वाचताना मला आपलं परिग्रह-परिमाण आठवलं. पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मोजणीनं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. ज्याच्याजवळ जमीनच नाही त्यालाही पाण्याचा हक्क. आणि जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, ते पंचायतीकडे परत. आधी पाण्याची मर्यादा ठरली, मग कुठलं पीक घ्यायचं हे आपोआप ठरलं. आपण नेहमी उलटं करतो. सगळ्या गावांना हे जमलं असं नाही, पण तिथे झालं होतं, हे तर खरं.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. एवढ्या पाण्यात एक एकर ऊस महिनाभरही नीट निघत नाही.

भाऊजींच्या बोलण्यावर मी घरी येऊन बराच विचार केला. आमच्या घरी गव्हाची पोळी लागते, ज्वारीची भाकरी कोणाला थापता येत नाही, शिवाय इकडे ती गव्हाहून महाग मिळते. ज्वारी-बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, लवकर कडू होतं. पण आठवड्याला दळण करायची सवय आपल्यालाच तर आहे! या दिवाळीत वन्संचा फोन आला, भाऊजींनी एक एकरात मालदांडी पेरलीय. म्हणाले, "वहिनी, आता घेणार कोण ते तुम्ही सांगा." मी आमच्या गल्लीत आणि मंदिरात मिळून अकरा घरी विचारलं. सहा घरं हो म्हणालीत. तीन म्हणतात, आधी खाऊन बघू. दोघींनी भाव विचारला, तो मी भाऊजींनाच ठरवायला सांगितलाय.