सुटलेला बकरा

हिशेबात घोळ निघतो, चौकशी लागते आणि शेवटी एका कारकुनाला घरी बसवलं जातं. मराठी वर्तमानपत्र त्याला ‘बळीचा बकरा’ म्हणतं, इंग्रजी वर्तमानपत्र ‘स्केपगोट’. अर्थ एकच धरला जातो. पण इंग्रजी शब्दातला बकरा कापला जात नाही. तो सुटतो.

बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात हा विधी आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकत. एक परमेश्वराच्या वाट्याचा. त्याचा बळी देत. दुसरा ‘अजाजेल’चा. मुख्य याजक त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून साऱ्या इस्राएलची पापं कबूल करी, आणि मग त्याला जिवंत रानात सोडलं जाई. पुढच्या काळात त्याला कड्यावरून लोटत असल्याचं मिश्ना हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. अजाजेल हे रानातल्या एखाद्या दुष्ट शक्तीचं नाव की आणखी काही, यावर अभ्यासक अजून भांडतात. विल्यम टिंडलने १५३०च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात ‘निसटून जाणारा बकरा’ असा अर्थ लावला आणि त्यातून ‘स्केपगोट’ हा शब्द घडला.

पण एकाचं पाप दुसऱ्याच्या डोक्यावर चढवता येतं का? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर लहानपणीच कानावर पडतं. वाल्या कोळ्याने घरी जाऊन विचारलं, माझ्या पापात वाटेकरी होता का? बायकामुलांनी साफ नकार दिला. बायबलमध्येही यहेज्केल संदेष्टा तेच बजावतो: बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही.

तरीही ओझं वेशीबाहेर नेऊन टाकावंसं माणसाला वाटतंच. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत मिरवत नेतात, इडापिडा आणि रोगराई सोबत घेऊन जा असं तिला विनवतात आणि शेवटी तिचं दहन करतात. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे ढकलण्याची चाल होती. मारबत पुतळा असते, तिला जाळून कोणाचं काही जात नाही. गाडा मात्र शेजारच्या गावाच्या हद्दीत जाऊन उभा राहायचा, आणि तिथेही माणसंच राहत होती.

लेवीय विधीत सर्वांत मोलाची होती ती कबुली. बकरा रानात जाण्याआधी ‘चूक आमची’ असं चारचौघांत म्हणावं लागे. आजच्या वापरात बकरा तेवढा राहिला, कबुली गळाली.

असाच एक बकरा फ्रान्समध्ये झाला. १८९४ साली आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली दोषी ठरवलं गेलं आणि पुढे डेव्हिल्स आयलंडवर धाडलं गेलं. खरा गुन्हेगार एस्तरहाझी होता. लष्करी न्यायालयाने १८९८ साली त्यालाच निर्दोष सोडलं. ड्रेफसच्या नावावरचा डाग पुसायला १९०६ साल उजाडलं. एस्तरहाझी इंग्लंडला पळाला आणि १९२३ साली तिथेच वारला. या गुन्ह्याची शिक्षा त्याला कधीच झाली नाही.