पत्त्यांवरची आजीविका



माझा एक जुना विद्यार्थी भेटला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद होईपर्यंत तो मोबाईलवर पोकर खेळे. म्हणाला, "सर, हा नशिबाचा नव्हे, बुद्धीचा खेळ. त्यावर पोट भरले तर शील कोणते मोडले?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंचशीलात जुगाराचे नाव नाही. उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांतही नाही. परंतु सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा दोष सांगितले आहेत, आणि त्यांतील पहिला हरणाऱ्याचा नाही, जिंकणाऱ्याचा आहे. त्याच्या वाट्याला वैर येते!

पोकरमध्ये कौशल्य लागते, हे मला मान्य आहे. पण गवंडी भिंत उभारतो, शेतकरी धान्य पिकवितो. या टेबलावर काय पिकते? एकाचे जाते तेच दुसऱ्याला मिळते, आणि जुगारघर मधल्यामध्ये आपला हिस्सा काढते. २००३ साली अमेरिकेत ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस २५ लाख डॉलर जिंकला. ते आले ८३९ स्पर्धकांच्या प्रवेशशुल्कातून. पुढच्या वर्षी स्पर्धक झाले २,५७६. जो तो मनीमेकरकडे पाहत होता, हरलेल्यांकडे कोण पाहणार? शिवाय कसलेला खेळाडू रोज कच्चा गडी हुडकतो. दुसऱ्याच्या चुकीची वाट पाहण्यात ज्याचा दिवस जातो, त्याने मैत्रीभावना करावी तरी केव्हा?

मी त्याला विचारले, "ज्यांचे पैसे जिंकलास, त्यांतले कोणी ओळखीचे?"

"नाही सर. पडद्यावर नुसती टोपणनावे असत."