चौकातला अपघात आणि दैवाचा प्रश्न

चौकात कोणी दगावले तर जबाबदार कोण, हा प्रश्न पंचनाम्याने सुटत नाही. त्याची दोन उत्तरे सहज दिली जातात: चालकाचा निष्काळजीपणा किंवा मृताचे दैव. ‘वेळ आली होती’ म्हटले की विचारच थांबतो. गीतेच्या अठराव्या अध्यायाची दृष्टी याहून व्यापक आहे. तेथे कर्माची कारणे पाच आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि शेवटी दैव. एकट्या कर्त्याकडे बोट दाखवणारी दृष्टी तेथे अपुरी ठरवली आहे. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. पण कर्म जेथे घडते ती जागा असाही अर्थ घेतला, तर खुद्द चौक अपघाताच्या कारणांत येतो.

पांढरकवडा नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरचे गाव. या भागातल्या रस्त्यांवर लांब पल्ल्याचे ट्रक, कापसाच्या गाड्या, दुचाक्या आणि केळापूरच्या जगदंबेला पायी निघालेले भाविक असतात. अशा ठिकाणच्या सिग्नलचे सेकंद कोणी आणि कोणासाठी ठरवायचे, हा नीतीचाच प्रश्न आहे.

ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते. पिवळा दिसल्यावर भान येण्यास एक सेकंद धरला, तर नेहमीसारखा ब्रेक लावून थांबायला तिला सुमारे 46 मीटर लागतात. पिवळा दिवा 3 सेकंदांचा असेल, तर तेवढ्या वेळात ती सुमारे 42 मीटरच पुढे जाते. म्हणजे रेषेपासून 44 मीटरवर असलेल्या चालकाला धड थांबता येत नाही आणि लाल लागण्याआधी रेषाही गाठता येत नाही. भरलेल्या ट्रकची अडचण याहून मोठी. जे शक्यच नाही ते कर्तव्य म्हणून लादता येत नाही, हे नीतिशास्त्राचे जुने तत्त्व. येथे मात्र चालकाला दोषी ठरवणारी परिस्थिती यंत्रानेच निर्माण केलेली असते. पिवळ्याला अर्धा सेकंद वाढवला की या मोटारीपुरता पेच सुटतो. त्यानंतर एक-दोन सेकंद सर्व बाजूंना लाल ठेवला, तर मागे राहिलेले वाहन चौकातून बाहेर पडते. यासाठी खांब नवा लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागते.

पादचाऱ्याचा हिशेब याहून कठोर आहे. 12 मीटरचा रस्ता धडधाकट माणूस 10 सेकंदांत ओलांडतो, तर सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या म्हातारीला 15 लागतात. 10 सेकंदांचा सिग्नल तिला भर रस्त्यातच सोडून देतो. उरलेले 5 सेकंद वाहनांकडून घ्यावे लागतात. अनेकांची थोडीशी खोळंबलेली वेळ आणि एकीचा जीव यांची बेरीज-वजाबाकी करताच येत नाही, कारण त्या एका मापाच्या गोष्टी नाहीत. 1997 मध्ये स्वीडनच्या संसदेने रस्त्यावरचा एकही मृत्यू मान्य नाही हे धोरण स्वीकारले, ते याच भूमिकेतून. माणूस चुकणार हे गृहीत धरून रस्ता आखायचा, असे ते धोरण सांगते.

महाभारताच्या अनुशासनपर्वात पुरुषप्रयत्नाला शेत आणि दैवाला बीज म्हटले आहे. नांगरलेल्या शेतावाचून बीज उगवत नाही. भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. इतक्या मृत्यूंचा भार एकट्या बीजावर टाकणे धर्मदृष्ट्याही चुकीचे आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आले. सुरक्षेचे मानक न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल करणारी यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तोकडी आहे, पण अधिष्ठानाची जबाबदारी घेणारा कर्ता कायद्याने प्रथमच शोधला.