मांडव्याची मर्यादा

लेकराच्या डोक्यावर तेल जिरवताना आईच्या बोटांना केसांखाली एखादी घट्ट, न दुखणारी गाठ लागावी, पडल्याझडल्याचे टेंगूळ म्हणून तिने ती सोडून द्यावी, आणि महिन्याभरात ती ओसरण्याऐवजी वाढतच जावी, अशा वेळी आष्ट्यासारख्या गावात डॉक्टरच्याही आधी जो प्रश्न उंबरठा ओलांडून आत येतो, तो ‘कुणाचे पाप फळाला आले?’ हा होय. मुलांच्या डोक्यावरील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. क्वचित एखादी ‘रॅब्डोमायोसार्कोमा’ निघते, म्हणजे स्नायू घडण्याच्या वाटेवरील अपक्व पेशींचा कर्करोग, आणि मग त्या प्रश्नाला भलताच जोर चढतो.

वस्तुतः त्याचा निकाल आपल्या परंपरेत केव्हाच लागला आहे. महाभारताच्या आदिपर्वात, चोरीच्या खोट्या आळापायी सुळी गेलेला मांडव्य ऋषी धर्मराजाच्या दरबारी जाऊन आपला अपराध विचारतो. बालपणी तू कीटकांना काडी टोचली होतीस, असे उत्तर मिळताच तो प्रत्यक्ष धर्मालाच मर्त्यलोकी जन्मण्याचा शाप देतो (तोच पुढे विदुर झाला), आणि चौदा वर्षांच्या आतील कृत्य यापुढे पातक गणले जाणार नाही, अशी मर्यादा घालून देतो. न्यायाधीशालाच शासन करणारी ही कथा मला साऱ्या कर्मविचाराचा कणा वाटते.

यावर कोणी पूर्वजन्माचे नाव काढील. पण ब्रह्मसूत्रांनी कर्माचा आधार घेतला, तो ईश्वरावर येणारा पक्षपाताचा व निर्दयतेचा आळ दूर करण्यासाठी. त्या दाखल्यावर शेजारच्या ओसरीत बसून तीन वर्षांच्या मुलावर किंवा त्याच्या आईवर फैसला सुनावण्याचा अखत्यार कोणालाही पोहोचत नाही. ज्या गुन्ह्याचा साक्षीदार नाही, आरोपीला स्मरण नाही, कैफियत कोणी ऐकली नाही, त्याची शिक्षा कोणत्या कचेरीत टिकेल?

मग रोगाचे कारण कोणते? रॅब्डोमायोसार्कोमाच्या एका प्रकारात दुसऱ्या व तेराव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून परस्परांना भलतेच जोडले जातात. आनुवंशिक दोष थोड्याच घरांत सापडतो. ग्रहणात आईने भाजी चिरली होती की नाही, याचा येथे काडीमात्र संबंध नाही.

फैसल्याने मन तर पोळतेच, पण वेळही जातो. उतारे, अंगारे, लेप यांत आठवडे सरतात आणि गाठ वाढत राहते. गावच्या चौंडेश्वरीला नवस बोलणाऱ्या आईची श्रद्धा मी यत्किंचितही हलकी लेखत नाही. नवस बोलावा आणि त्याच दिवशी गाडी धरावी. मिरजेत वान्लेस यांचे रुग्णालय 1894 पासून आहे, परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून. तेथे गाठीचा तुकडा तपासल्यावाचून निदान होत नाही, आणि सुई लागली की रोग पसरतो ही समजूत निराधार आहे. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांच्या जोडीला जी औषधे शिरेतून देतात, त्यांपैकी विन्क्रिस्टीन हे आपल्या परसातल्या सदाफुलीपासून काढलेले आहे. पाला चघळून मात्र ते साधत नाही, ते शुद्ध करून, मात्रा मोजूनच द्यावे लागते.

उपचार कित्येक महिने चालतात. तोवर आईबाप परळच्या धर्मशाळेत असतात, आणि इकडे शिवारात त्यांच्या उसाच्या पाण्याची पाळी येते. पापाची चौकशी करणाऱ्या शेजाऱ्याने ती पाळी रात्री उठून सांभाळावी, धाकट्या भावंडाला आपल्या पंगतीला बसवावे, आणि केस गळालेले मूल गावी परतले म्हणजे त्याच्याकडे इतर पोरांकडे पाहावे तसेच पाहावे. कर्मसिद्धान्ताने शेजाऱ्यावर जी काही जबाबदारी टाकली आहे, ती एवढीच आहे.