मुरलेलें पाणी



एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि माण तालुक्यांत सुमारें त्याचा दहावा हिस्सा. तथापि पिकाच्या मुळाशीं उपयोगी पडतें तें केवळ पडलेलें पाणी नव्हे, तर मुरलेलें पाणी होय.

उघड्या माळावर वळवाचे थेंब जोरानें आपटून ढेकळें फोडितात. सुटलेली बारीक माती भूमीचीं छिद्रें बुजविते, वर कठीण पापुद्रा धरतो, आणि पाणी आंत न शिरतां माती घेऊन ओढ्यास मिळतें. पेरणाऱ्याच्या दृष्टांतांत प्रभूनें वाटेवर पडलेल्या बीजाविषयीं सांगितलें, तें अशाच तुडविलेल्या भूमीचें चित्र आहे. आम्ही दर रविवारीं वचन ऐकतों. सोमवारीं तें कोठें असतें?

कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें २०१६ सालीं व माण तालुक्यांतील टाकेवाडीनें २०१८ सालीं वॉटर कप स्पर्धेंत पहिला क्रमांक मिळविला. श्रमदान करणाऱ्या त्या लोकांनीं पाऊस वाढविला नाहीं. तो मनुष्याच्या हातीं नाहीं. उतारावर आडवे, समपातळींत चर खणिले म्हणजे पाणी थांबतें. थांबलेलें मुरतें, आणि मुरमांतून व खडकाच्या फटींतून हळूहळू विहिरीकडे उतरतें. घाईनें उरकलेली प्रार्थना हें उतारावरचें पाणी होय. दिवसांतून एक घटका देवापुढें स्तब्ध बसणें, हा आमचा चर होय.

परंतु पाणी नुसतें आंत शिरलें म्हणजे झालें असेंही नाहीं. सांगलीकडे मिरज, वाळवा, पलूस ह्या तालुक्यांतील कृष्णाकांठची काळी माती पहा. उन्हाळ्यांत ती भेगाळते. पहिलें पाणी भेगांतून झटकन उतरतें. मग माती फुगून भेगा मिटतात व पुढचें पाणी फार मंद जातें. उसास वारंवार पाट सोडल्यानें जमिनींतलें पाणी वर चढलें, त्याबरोबर विरघळलेले क्षारही आले. पाण्याची वाफ झाली, क्षार मात्र वर राहिले, आणि हजारों एकर उत्तम जमीन क्षारपड झाली. तिच्या पोटांत सच्छिद्र नळ घालून निचरा केला म्हणजे क्षार धुऊन जातात व ती पुनः पिकूं लागते.

ज्यांच्या घरीं तीन पिढ्या वचन आहे, त्यांनीं हें विशेष मनावर घ्यावें. जें मिळतें परंतु पुढें वाहत नाहीं, तेंच अखेर भूमि नासवितें. टंचाईच्या दिवसांत आपल्या विहिरीवर आलेली शेजाऱ्याची घागर रिकामी परत गेली, तर आपल्या अंतःकरणावर तो पांढरा थर आलाच म्हणून समजावें.

तर ह्या पावसाळ्यापूर्वीं बांधाबरोबर मनही तपासूं या. कठीण झालें असेल तेथें खणूं या, तुंबलें असेल तेथें वाट करूं या. पाऊस पाठविणारा देव विश्वासू आहे. भूमि तयार ठेवणें आमच्याकडे आहे.